खडा आणि त्याची जागा

आपल्याकडील कित्येक घरांत, शाळांच्या व्हरांड्यांत आणि दवाखान्यांत जी ठिपकेदार फरशी बसविलेली असते, तिला सर्व लोक 'मोझेकची फरशी' म्हणतात. संगमरवराची बारीक खडी सिमेंटांत कालवावयाची, तें मिश्रण सांच्यांत दाबून लादी पाडावयाची, आणि ती कठीण झाली म्हणजे घासून गुळगुळीत करावयाची, अशी ती तयार करण्याची रीत आहे. या लादीवर काळे, पांढरे, तांबूस, हिरवट असे अनेक रंगांचे खडे दिसतात. परंतु कोणता खडा कोठें आला आहे याला तेथें कांहींच महत्त्व नसतें. जो जेथें पडला तो तेथेंच राहिला. वर्षानुवर्षें आपण त्या फरशीवर चालतों, बसतों, क्वचित् तींत एखादा पक्षी किंवा एखाद्या म्हाताऱ्याचें तोंड शोधण्याचा खेळहि खेळतों. पण तें तोंड आपल्या मनांतलें असतें, फरशींतलें नसतें.

ज्या प्राचीन कलेवरून या फरशीस हें नांव मिळालें, त्या कलेचा नियम याच्या अगदीं उलट आहे. तेथें एकहि खडा आपोआप पडलेला नसतो. प्रत्येक खडा कोणीतरी हातांत घेतलेला, निरखलेला आणि ठराविक हेतूनें ठराविक जागीं बसविलेला असतो. दगड तोच, चुनाहि तोच; भेद काय तो जागेचा. एवढ्याशा भेदानें केवढा चमत्कार होतो, आणि वर्धा जिल्ह्यांत राहणाऱ्या आपणां सर्वांस त्यापासून कोणता धडा घेण्याजोगा आहे, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मोझेक या परकीय शब्दास मराठींत 'कुट्टिमचित्र' असा शब्द आहे. संस्कृतांत कुट्टिम म्हणजे फरसबंद जमीन. दगड, भाजलेली माती, शिंपले किंवा कांच यांचे लहान लहान तुकडे ओल्या चुन्यांत शेजारीं शेजारीं बसवून जें चित्र सिद्ध होतें तें कुट्टिमचित्र, अशी त्याची व्याख्या करतां येईल. आग्र्याच्या ताजमहालावरील वेलबुट्टीशीं याचा घोटाळा करूं नये. तेथें संगमरवरांत आधीं पाकळीच्या आकाराची खोबण कोरतात आणि त्याच आकाराचा रंगीत दगड कापून तींत बसवितात. त्या कामास पच्चीकारी म्हणतात. पच्चीकारींत दगडाला पाकळीचा आकार असतो. कुट्टिमचित्रांतील खड्याला बहुधा असा कोणताच आकार नसतो. तो एक साधा चौकोनी तुकडा असतो. पाकळी होते, ती असे पुष्कळ तुकडे योग्य जागीं एकत्र आल्यानें होते.

जमिनीवर चित्र काढण्याची हौस आपल्याकडेहि कमी नाहीं. परंतु आपल्या मायबहिणींची रांगोळी सकाळीं निघते आणि सायंकाळपर्यंत पुसली जाते. दुसऱ्या दिवशीं नवी काढतां यावी म्हणून ती पुसली जाणेंच इष्ट असतें. ग्रीक व रोमन लोकांनीं मात्र जमिनीवरील चित्र दगडाचेंच करून तें टिकविण्याचा हट्ट धरला.

तुकड्यांनीं पृष्ठभाग सजविण्याची कल्पना त्यांच्याहि पूर्वींची आहे. आजच्या इराक देशांतील उरुक या प्राचीन नगरांत, इ. स. पूर्वीं चौथ्या सहस्रकांत, भाजलेल्या मातीचे बारीक शंकु करून ते भिंतींत व खांबांत ठोकीत. त्यांचीं टोकें तेवढीं बाहेर राहत. आणि तीं तांबडीं, काळीं व पांढरीं असल्यामुळें त्यांच्या नागमोडी व चौकटी नक्षीनें सारी भिंत चटईसारखी दिसे. पुढें ग्रीक लोकांनीं नदीकांठचे व समुद्रकांठचे रंगीत गोटे निवडून त्यांच्या जमिनी केल्या. सुप्रसिद्ध अलेक्झांडर बादशहा ज्या पेला नगरांत जन्मला, तेथें इ. स. पूर्वींच्या चौथ्या शतकाच्या अखेरचीं अशा गोट्यांचीं सिंहाच्या व हरिणाच्या शिकारीचीं चित्रें सांपडलीं आहेत. परंतु गोटा निसर्गानें दिला तेवढाच मोठा व तसाच वाटोळा. त्याच्यानें डोळ्याची कड किंवा ओठाची मुरड रेखाटणें कठीण. म्हणून कारागिरांनीं गोटा सोडून दगड फोडावयास आरंभ केला. हव्या त्या रंगाचा दगड घेऊन त्याचे हवे तितके बारीक चौकोनी खडे करतां येऊं लागले, आणि त्या दिवसापासून ही कला चित्रकलेची बरोबरी करूं लागली.

या कलेचा एक अत्युत्कृष्ट नमुना इटली देशांतील नेपल्स शहराच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयांत आहे. त्या शहराजवळ व्हेसुव्हियस नांवाचा ज्वालामुखी पर्वत आहे. इ. स. ७९ मध्यें त्याचा भयंकर स्फोट होऊन पायथ्याजवळचें पाँपेई नगर राखेखालीं गाडलें गेलें. माणसें मेलीं, छपरें कोसळलीं, परंतु जमिनी राखेच्या पांघरुणाखालीं शाबूत राहिल्या. अठराव्या शतकांत तेथें उत्खननास प्रारंभ झाला. २४ ऑक्टोबर १८३१ रोजीं एका धनाढ्याच्या घरांतील राख उपसतां उपसतां खणणारांस एका दालनाच्या जमिनीवर घोडे, भाले व योद्धे दिसूं लागले. या घरांत नृत्य करणाऱ्या वनदेवाची ब्राँझची मूर्ति सांपडल्यामुळें त्यास 'फॉनचें घर' असें म्हणतात. घर कसलें, वाडाच तो. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ३,००० चौरस मीटर आहे. १८४३ सालीं तें सबंध चित्र जमिनीवरून उचलून नेपल्सला नेण्यांत आलें.

आम्ही नेपल्सला गेलों, त्या वेळीं तें भिंतीवर उभें बसविलेलें होतें. संग्रहालय पाहतांना मनुष्याचे पाय बहुधा मनाच्या आधीं थकतात; तासाभरानें सर्व मूर्ति सारख्याच वाटूं लागतात. आमचीहि स्थिति तशीच झाली होती. परंतु या चित्रासमोर येतांच पाय जागचे हलेनात. चित्राची लांबी चौकटीसुद्धां सुमारें ५.८ मीटर व उंची सुमारें ३.१ मीटर आहे. आम्हीं प्रथम अगदीं जवळ जाऊन पाहिलें. जवळून पाहतां तेथें ना घोडा, ना राजा. केवळ ज्वारीच्या दाण्याएवढाले बारीक खडे, कांहीं पांढरे, कांहीं पिवळट, कांहीं तांबूस, कांहीं काळे. एकेका खड्याकडे पाहून तो कशाचा भाग आहे हें ब्रह्मदेवालाहि सांगतां आलें नसतें. मग आम्ही हळूहळू मागें सरलों. पांच-सहा पावलें मागें येतांच त्या खड्यांतून एका घोड्याचा भ्यालेला डोळा आमच्याकडे पाहूं लागला. आणखी मागें येतांच सारें रणांगण उभें राहिलें. खडे तेच होते, आम्हीहि तेच होतों. आमच्यामधील अंतर तेवढें बदललें होतें.

चित्राचा विषय अलेक्झांडर व इराणचा बादशहा तिसरा दारयवहु, ज्यास ग्रीक लोक दरायस म्हणत, यांची लढाई हा आहे. ती इ. स. पूर्वीं ३३३ मधील इससची लढाई कीं ३३१ मधील गौगामेलाची, याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. डाव्या बाजूस अलेक्झांडर घोड्यावर बसून चालून येत आहे. त्याच्या मस्तकावर शिरस्त्राण नाहीं, केस विसकटलेले आहेत, आणि त्याच्या लांब भाल्यानें समोरच्या एका इराणी सरदारास आरपार भोंसकलें आहे. उजव्या बाजूस उंच रथांत दरायस उभा आहे. सारथ्यानें चाबूक उगारून रथ मागें फिरविला आहे. भाल्यांचें रान वाकडेंतिकडें झालें आहे. एक घोडा प्रेक्षकाकडे पाठ करून उभा आहे, आणि त्याचें शरीर चित्राच्या आंत खोल गेल्यासारखें दिसतें. सपाट खड्यांत ही खोली कोठून आली, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

अशा चित्रांत विजेत्याचें तोंड सर्वांत तेजस्वी असावें, अशी आपली अपेक्षा असते. परंतु आम्ही तेथें जितका वेळ उभे होतों तितका वेळ आमची दृष्टि पुन्हां पुन्हां पराभूत राजाकडेच जात होती. दरायस पळत आहे खरा. पण त्याचें लक्ष स्वतःच्या जिवाकडे नाहीं. त्याचे डोळे विस्फारलेले आहेत आणि उजवा हात भाल्यानें विद्ध झालेल्या त्या सरदाराच्या दिशेनें पुढें पसरलेला आहे, जणूं त्याला धरून ठेवावयाचें आहे आणि रथ मात्र दूर चालला आहे. रथाच्या चाकापाशीं एक इराणी शिपाई खालीं पडला आहे. त्याच्या समोरच्या चकचकीत ढालींत त्याचें स्वतःचेंच मुख उमटलें आहे. मृत्यूच्या क्षणीं तो स्वतःला पाहत आहे. तें प्रतिबिंब काय आहे? थोडेसे खडे, आणि तेहि मंद रंगाचे. परंतु त्यांतील दोन-चार जरी इकडचे तिकडे झाले असते, तरी तो चेहरा नाहींसा होऊन ढालीवर एक डाग तेवढा राहिला असता.

आतां थोडें गणित करूं. या चित्रांत सुमारें १५ लक्ष खडे असावेत असा अंदाज आहे. क्षेत्रफळ सुमारें १८ चौरस मीटर धरलें, तर एका चौरस सेंटिमीटरांत सरासरी आठ खडे येतात. म्हणजे आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेंत आठ-दहा खडे. समजा, एखाद्या कारागिरानें दर मिनिटास एक खडा बसविला, तर १५ लक्ष मिनिटें, म्हणजे २५,००० तास लागतील. रोज आठ तास काम धरल्यास ३,१२५ दिवस, म्हणजे एकहि सुट्टी न घेतां साडेआठ वर्षें होतात. अर्थात् हें काम एकट्याचें नव्हे. पुष्कळ हात त्यास लागले असले पाहिजेत. त्या हातांपैकीं एकाचेंहि नांव आज आपणांस ठाऊक नाहीं.

हें चित्र इ. स. पूर्वीं सुमारें १०० च्या सुमाराचें आहे, आणि तें त्याहून जुन्या एखाद्या ग्रीक रंगचित्राची प्रतिकृति असावी असें मानतात. एरेट्रिया येथील फिलोक्सेनस नामक चित्रकारानें कॅसँडर राजासाठीं अलेक्झांडर व दरायस यांच्या युद्धाचें चित्र काढिलें होतें, असें प्लिनी हा रोमन ग्रंथकार सांगतो. तेंच हें मूळ असावें, असें कित्येकांचें मत आहे. हा प्लिनी पाँपेईचा नाश करणाऱ्या त्याच स्फोटाच्या वेळीं मृत्यु पावला. मूळ रंगचित्र केव्हांच नष्ट झालें. रंगाचा लेप उडतो, विटतो. दगडाचा रंग मात्र दगडाइतकाच टिकतो. म्हणून जें भिंतीवर मानानें टांगलेलें होतें तें गेलें, आणि जें पायांखालीं होतें तें राहिलें. मूळ चित्रकारानें पांढरा, काळा, तांबडा व पिवळा या चारच रंगांवर सारी भिस्त ठेविली असावी. कारण या चार रंगांच्या निरनिराळ्या छटांनींच हें कुट्टिमचित्र बहुतांशीं भरलें आहे.

असें काम करावयाचें कसें? पहिली गोष्ट पायाची. व्हिट्रुव्हियस नांवाच्या रोमन स्थापत्यशास्त्रज्ञानें जमिनीचे थर नीट सांगून ठेविले आहेत. सर्वांत खालीं मुठीहून लहान नसतील अशा दगडांचा थर. त्यावर तीन भाग खडी व एक भाग चुना यांचें मिश्रण धुमसानें चोपून चोपून बसविलेलें. त्यावर तीन भाग विटांचा चुरा व एक भाग चुना यांचा थर. आणि त्याच्यावर खडे. आपल्याकडील जुने गवंडी घाणींत चुना मळून त्यांत विटांची सुरखी घालीत, त्यांना यांतील कांहींहि नवें वाटलें नसतें. पाया कच्चा असेल तर वरचें चित्र कितीहि सुंदर असो, पहिल्याच पावसाळ्यांत तें उखळतें.

दुसरी गोष्ट रांगांची. साध्या जमिनीवर खडे बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें सरळ रांगांत बसवितात. परंतु या चित्रांत रांगा सरळ नाहींत. ओठाची कड वळली कीं तिच्याबरोबर खड्यांची रांगहि वळते. घोड्याच्या मानेवर ती मानेच्या स्नायूंबरोबर धांवते. या पद्धतीस लॅटिन भाषेंत जें नांव आहे त्याचा अर्थ 'किड्याच्या चालीचें काम' असा होतो. आम्हांस तें पाहून आपल्याकडील गोधडीची आठवण झाली. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे तुकडे जुळवून गोधडी शिवितात, तेव्हां त्यांचा दोरा प्रथम कडेकडेनें जातो, आणि मग प्रत्येक नवी ओळ आधींच्या ओळीला धरून आंत आंत वळत जाते. त्या ओळींमुळेंच निरनिराळे तुकडे एक वस्त्र होतात. दगडाच्या गोधडीचें रहस्यहि तेंच आहे.

पाँपेईच्या त्या घरांत रिकाम्या झालेल्या जागीं २००५ सालीं या चित्राची एक नवी प्रतिकृति बसविण्यांत आली. ती इटलींतीलच राव्हेना येथील कारागिरांनीं केली. राव्हेना हें शहर या कलेसाठीं प्राचीन काळापासून विख्यात आहे. त्यांनीं मूळ चित्राचें पूर्ण आकाराचें छायाचित्र घेऊन त्यावरून प्रत्येक खड्याची कड रेखाटली, चित्राचे अनेक भाग पाडले, आणि ओल्या मातीनें भरलेल्या चौकटींत एकेक खडा दाबून बसविला. मग वर जाळीचें कापड डिंकानें चिकटवून तो सबंध भाग मातींतून उचलला व पक्का बसविला. हातांशीं सर्व आधुनिक साधनें असतां, आणि चित्र पुढ्यांत तयार असतां, या नकलेस २२ महिने लागले!

आतां एका उणिवेकडे वळूं. हें चित्र संपूर्ण नाहीं. विशेषतः डाव्या बाजूस, अलेक्झांडरच्या मागें, मोठमोठे भाग नाहींसे झाले आहेत. कांहीं ठिकाणीं प्राचीन काळींच डागडुजी झालेली दिसते. जेथें खडे गेले तेथें आज सपाट लेप आहे. तेथें एखाद्या चतुर चित्रकाराकडून नवे योद्धे काढून घेणें अशक्य नव्हतें. परंतु तसें केलें नाहीं, आणि तेंच योग्य झालें. जें गेलें तें गेलें असें स्पष्ट दिसतें म्हणूनच जें उरलें त्यावर आपला विश्वास बसतो. त्या रिकाम्या लेपासमोर उभें राहिल्यावर आमच्या मनांत आलें कीं, चित्र कांहीं एकाएकीं नाहींसें होत नाहीं. तें खड्या-खड्यानें जातें. पहिला खडा गेला तेव्हां कोणास वाईट वाटलें असेल? पंधरा लाखांतून एक गेला, एवढेंच.

त्याच संग्रहालयांत आणखी एक लहानशी वस्तु आहे. ती कुट्टिमचित्र नव्हे, परंतु एकेका तुकड्याच्या जागेचें महत्त्व तिच्याइतकें दुसरी कोणतीच वस्तु आपणां महाराष्ट्रीयांस शिकवूं शकणार नाहीं. १९३८ सालीं पाँपेईंतील एका घरांत सुमारें २४ सेंटिमीटर उंचीची एक हस्तिदंती मूर्ति सांपडली. अलंकारांनीं नटलेली एक स्त्री, आणि तिच्या दोन्ही बाजूंस दोन छोट्या दासी. मूर्ति भारतीय घडणीची आहे हें पाहतांच कळत होतें. पंडितांनीं तिला लक्ष्मी म्हटलें, आणि ती मथुरेकडची असावी असा तर्क बांधिला. पुढें पस्तीस वर्षांनीं, १९७३ सालीं, नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनीं मिळून आजच्या जालना जिल्ह्यांतील भोकरदन येथें उत्खनन केलें. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथें, सातवाहन काळच्या थरांत, त्याच घडणीचें हस्तिदंती काम मिळालें. आणि पाँपेईची ती स्त्री भोकरदनच्याच कारागिरांच्या हातची असावी, असें मत संशोधक म. के. ढवळीकर यांनीं मांडलें. धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथेंहि तिच्याशीं साम्य असलेली हस्तिदंती मूर्ति मिळाली आहे. पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी लिपींतील एका अक्षराची खूण असल्यामुळें वायव्य भारताशींहि तिचा संबंध जोडतात, आणि वाद सर्वस्वीं मिटलेला नाहीं. तथापि जो प्रश्न नेपल्समध्यें बसून सुटत नव्हता, त्यावर महाराष्ट्राच्या मातींतील तुकड्यानें प्रकाश पाडिला, हें निर्विवाद आहे.

येथें लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, भोकरदनच्या तुकड्याचें मोल हस्तिदंतामुळें नव्हे, तर तो कोणत्या थरांत, कशाच्या शेजारीं मिळाला हें लिहून ठेविल्यामुळें आहे. तोच तुकडा एखाद्या गुराख्यानें उचलून घरच्या कोनाड्यांत ठेविला असता आणि पन्नास वर्षांनीं कोणाच्या दृष्टीस पडला असता, तर तो केवळ एक जुना तुकडा राहिला असता. आपल्या मोझेकच्या फरशींतील खडा आणि अलेक्झांडरच्या चित्रांतील खडा यांत जो भेद, तोच या दोहोंत.

आतां घराकडे पाहूं. ज्या १९३८ सालीं ती मूर्ति पाँपेईंत सांपडली, त्याच सालीं विनोबाजी वर्ध्याजवळ धाम नदीच्या तीरीं पवनार येथें राहावयास आले. तेथें जमीन खणतां खणतां भरत आणि राम यांच्या भेटीचें प्राचीन शिल्प मिळालें. तें आजहि आश्रमांत आहे. १९६७ सालीं नागपूर विद्यापीठाच्या वतीनें शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनीं पवनारला उत्खनन केलें. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं पवनार म्हणजेच वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर होय, असें प्रतिपादन केलें होतें. पुढें नागपूरच्या उत्तरेस मनसर येथें मोठे अवशेष मिळाल्यावर प्रवरपूर तें असावें, असें दुसरें मत पुढें आलें. आर्वीच्या पलीकडे वर्धा नदीच्या तीरावरील कौंडिण्यपुरासहि अशाच प्राचीन वस्तीचे थर आहेत. नागपूरजवळ माहुरझरी येथें प्राचीन काळीं अकीक वगैरे रंगीत दगडांचे मणी घडविण्याचा मोठा उद्योग होता; पूर्ण झालेले व अर्धवट राहिलेले असे दोन्ही प्रकारचे मणी तेथें मिळतात.

म्हणजे आपण ज्या भूमीवर चालतों तीहि एक प्रचंड कुट्टिमचित्रच आहे. त्याचे खडे म्हणजे खापरें, मणी, विटा, नाणीं व हाडें. त्याचा बराच भाग अजून कोणी पाहिलेला नाहीं. शेतीच्या जमिनीला 'काळी' आणि वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणण्याचा आपला जुना प्रघात आहे. पिढ्यानुपिढ्या मातीचीं घरें पडून, चुलींची राख व गोठ्यांचा केर सांचून ती जागा उंच होते आणि तिची माती पांढुरकी दिसते. ही माती शेताला चांगली, भिंतींना चांगली, म्हणून लोक टोपल्याच नव्हे तर गाड्या भरभरून ती नेतात. त्यांत त्यांचा दोष तो काय? मातीखालीं चित्र आहे हें त्यांना कोणीं सांगितलेंच नाहीं. परंतु प्रत्येक टोपलीबरोबर कांहीं खडे जातात, आणि ते असे जातात कीं पुन्हां त्यांची जागा सांपडणें नाहीं. प्रवरपूर पवनार कीं मनसर, हा वाद ज्या खापरांनीं व मुद्रांनीं मिटावयाचा, त्यांपैकीं किती कोणाच्या शेतांत विखुरलीं असतील! नेपल्सच्या चित्रांतील रिकाम्या लेपासारखा लेप आपल्या इतिहासावरहि चढत आहे. फरक इतकाच कीं तो थांबविणें अद्यापि आपल्या हातीं आहे.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, सुट्टींत गांवीं गेलां असतां नदीच्या दरडींत किंवा पांढरीच्या उतारावर एखादा मणी, नक्षीचें खापर किंवा कोरीव दगड दिसला, तर तो उकरून काढूं नका व खिशांत घालूं नका. तो कोठें आहे, किती खोलीवर आहे, त्याच्याजवळ आणखी काय दिसतें, हें वहींत लिहा. जागेचा साधा नकाशा काढा. छायाचित्र घेतां आलें तर घ्या. आणि तें आपल्या शिक्षकांस दाखवा, म्हणजे त्यांना ती हकीगत पुरातत्त्व खात्यास कळवितां येईल. वस्तु घरीं आणणारा मुलगा एक तुकडा मिळवितो. जागा लिहून ठेवणारा मुलगा सबंध चित्रास हातभार लावितो.

या कलेची गोडी प्रत्यक्ष चाखावयाची असेल तर त्यास इटलींत जावयास नको. एक हात लांबरुंद लांकडी चौकट घ्या, तींत ओली चिकणमाती दोन बोटें जाड पसरा, आणि तिच्यावर काडीनें आंब्याच्या पानाची आकृति रेखा. आपल्या जिल्ह्यांत काळा पत्थर मुबलक आहे. पांढऱ्यासाठीं गारगोटी, तांबड्यासाठीं नव्या विटेचे किंवा कौलाचे तुकडे, आणि पिवळ्यासाठीं मुरमांतील पिवळट खडे. अलेक्झांडरच्या चित्रकाराचे चारहि रंग घरबसल्या मिळाले! दगड फोडतांना डोळ्यांवर चष्मा किंवा जाळी असावी, आणि तें काम मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीं करावें. प्रथम पानाच्या कडेनें काळ्या खड्यांची एक ओळ बसवा. तिला धरून आंत दुसरी, मग तिसरी. पानाची शीर जिकडे वळेल तिकडे ओळ वळवा. घाई करूं नका. काम झालें कीं दहा पावलें मागें जाऊन पाहा. कांहीं खडे खटकतील. ते उचलून त्यांची जागा बदला आणि पुन्हां मागें जाऊन पाहा. पान जेव्हां पानासारखें दिसूं लागेल, तेव्हां तुमच्या एक गोष्ट लक्षांत येईल. टाकाऊ म्हणून तुम्हीं बाजूस सारलेला एखादा मळकट खडाच शिरेच्या सांवलीसाठीं नेमका हवा होता, आणि सर्वांत चकचकीत खडा कोठेंच बसला नाहीं. खडा लहान कीं मोठा, तेजस्वी कीं मंद, हा प्रश्न या कलेंत दुय्यम आहे. तो आपल्या जागीं आहे कीं नाहीं, हाच खरा प्रश्न.